सातच्या प्रार्थनेला बसलेली आपली पोरं

तुमच्या दफनविधीत पाळकसाहेब म्हणाले, "आपला बंधू शमुवेल अत्यंत सौम्य स्वभावाचा होता." चर्च गच्च भरलं होतं. फौंड्रीतले लोक मागं भिंतीला टेकून उभे होते, संडे स्कूलमधली तुमची चिल्लीपिल्ली पुढं चटईवर बसली होती, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी पहिल्या बाकावर होते. एका बाजूला आपला आमोस, दुसऱ्या बाजूला ग्रेसी. ग्रेसीच्या तोंडातून 'हं' असा एकच आवाज निघाला. आमोसनं मान खाली घातली. मी दात आवळून तुमच्या पेटीकडं बघत राहिले.

पाळकसाहेबांची काही चूक नाही. त्यांना इथं येऊन पाच वर्षं झाली. त्यांनी पाहिलेला माणूस खरंच सौम्य होता. कुणी बोलायला लागलं की डोकं कलवून, उजवा कान पुढं करून शेवटपर्यंत ऐकणारा. लोकांना ती नम्रता वाटायची. तुमचा डावा कान कशानं गेला हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आज आठवा दिवस. भेटायला येणाऱ्यांची रीघ आता थांबलीय. बालवाडीतून मी पंधरा दिवसांची रजा घेतलीय आणि तुमच्याशी भांडायला बसलेय. जिवंत होता तेव्हा भांडण अर्धं टाकून तुम्ही डबा उचलायचात आणि कामावर निघून जायचात. आता कुठं जाणार?

लग्न होऊन मी पेठ वडगावातनं कसबा बावड्यात आले तेव्हा दोन खोल्यांच्या घरात तुम्ही भिंतीवर एकच गोष्ट लावली होती, घड्याळ. संध्याकाळी सात वाजता प्रार्थना. पाऊस असो, पाव्हणा असो, अंगात ताप असो. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? माझ्या माहेरी येशूचं नाव फक्त नाताळात आणि आजारपणात घेतलं जायचं. वाटलं, या घरात देव रोज जेवायला असेल.

मग पोरं झाली, आणि सात वाजत आले की मी त्या घड्याळाकडं बघायचं टाळायला लागले.

आमोस सात वर्षांचा होता. आठवड्याला शास्त्रातलं एक वचन पाठ करायचं हा तुमचा नियम. त्या आठवड्याचं वचन दोन ओळींचं होतं. पहिली ओळ त्यानं म्हटली आणि दुसरीला अडकला. तुम्ही दाराआडच्या खिळ्याचा पट्टा काढलात. तुम्ही रागानं मारत नव्हता, तेच भयंकर होतं. विसरलेल्या प्रत्येक शब्दाला एक, असं मोजून मारायचात. मोल्डरचा हात तुमचा, दिवसभर लोखंडी साचे उचलणारा. पट्टा पोटरीवर बसला की ओलं फडकं दगडावर आपटल्यासारखा आवाज यायचा. नंतर त्याला गुडघ्यावर बसवून म्हणायला लावायचात, "प्रभू, शिस्त लावणारे वडील दिलेस म्हणून मी तुझे आभार मानतो." हुंदक्यांत 'आभार' हा शब्द त्याला कधी एका दमात म्हणता आला नाही.

ग्रेसी पाच वर्षांची. ती आपलंही वचन पाठ करायची आणि दादाचंही. त्याच्यासमोर बसून नुसते ओठ हलवायची, म्हणजे त्याला शब्द दिसावेत. तुमच्या ते लक्षात आलं. तुम्ही तिला बोटही लावलं नाही. फक्त तोंड भिंतीकडं करून बसवलंत. तेव्हापासून तिनं दादाचा मार पाहिला नाही, ऐकला. कितीदा तरी त्या भिंतीखालची फरशी ओली व्हायची. तिच्या मानेवरचे केस घामानं चिकटलेले असायचे आणि ती हलायची नाही.

आणि मी काय करायचे? भाकरी थापायचे. तवा तापलाय, गॅस वाया जाईल, असं स्वतःला सांगायचे.

कधीतरी तोंड उघडायचे. आठवतं का तुम्हाला?

"देव माया करतो म्हणून पट्ट्यानं शिकवायचं का हो पोराला?"

"माया हाय म्हणूनच की. माझ्या बापानं मला असंच वळण लावलं. न्हायतर मी कुठं असतो? गुत्त्यावर पडलो असतो."

"तुमच्या वडलांना तुम्ही कधी मिठी मारली होती का?"

यावर तुम्ही डबा उचललात. हे भांडण तिथंच राहिलं, वीस वर्षं.

तुम्ही नुसते राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं. आमोसला डेंग्यू झाला तेव्हा तीन दिवस दवाखान्यात त्याची पावलं मांडीवर घेऊन तुम्ही बसला होता. डुलकी लागली तरी पावलं सोडली नाहीत. रविवारी सकाळी चर्चला निघताना ग्रेसीच्या वेण्या तुम्ही घालायचात, मी नाही. ओतीव लोखंडानं चटके बसलेली ती बोटं तिच्या केसात इतकी हळू चालायची की पोरगी झोपायची. राधानगरीला धरण बघायला गेलो तेव्हा धुक्यात दोघांना खांद्यावर आणि कडेवर घेऊन तुम्ही मोठ्यानं गाणी म्हणत होता, आणि मला वाटलं होतं की माझ्यासारखी सुखी मीच. तीच बोटं, तोच गळा. मला तुमचे दोन तुकडे करता येत नाहीत.

आमोस तेरा वर्षांचा झाला. एका रविवारी संडे स्कूलला जातो म्हणून गेला आणि बंधाऱ्यावर पोहून आला. ओल्या केसांनी खोटं बोलला. त्या दिवशी तुम्ही मोजलं नाही. पट्ट्याचं बक्कल त्याच्या पाठीवर बसलं आणि रक्त आलं. त्यानं ओरडायचं थांबवलं. ओरडत होता तोवर मी भाकरी थापत होते, हे मी लिहून ठेवते. तो गप्प झाला तेव्हा मी मध्ये पडले. तुम्ही मला ढकललंत. ढकललंत म्हणजे भिरकावलंत. ओट्याच्या कडप्प्यावर माझं मनगट आपटलं आणि काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. तो चौघांनी ऐकला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हणाले, बाथरूममध्ये पाय घसरला. तुम्ही शेजारी उभे होता, हातात एक्स-रेचं पाकीट. मला वाटलं, आता बोलतील, खरं सांगतील. तुम्ही पाकिटाची घडी करत राहिलात. आतली फिल्म मोडेल म्हणून नर्सनं ते तुमच्या हातातनं काढून घेतलं. येताना स्कूटरवर मी तुमच्या खांद्याला न धरता बसले. घरी पोरांना मीच सांगितलं, "कुणी विचारलं तर आई घसरली म्हणायचं." खोटं बोलल्याबद्दल पोराची पाठ फोडलेल्या घरात, त्याच संध्याकाळी.

पट्टा त्या दिवसापासून बंद झाला. सहा आठवडे तुम्ही भांडी घासलीत, माझी वेणी घातलीत, धुणं वाळत घातलंत. शेजारणी म्हणाल्या, नवरा असावा तर असा. पण 'माझं चुकलं' हे तोंडातून निघालं नाही. मी रोज वाट पाहिली. प्लास्टर निघालं तरी पाहिली. मार थांबला होता, पण पोराच्या अंगात तो मुरला होता, आणि त्याला बाहेर यायला पाच वर्षं लागली.

आमोस अठरा वर्षांचा. फुटबॉलची मॅच सुटल्यावर रस्त्यावर दोन टोळक्यांत बाचाबाची झाली. ओंकार नावाचा पोरगा, त्याच्याच वयाचा, गावाकडनं मॅच बघायला आलेला. त्यानं आमोसच्या आईवरनं शिवी दिली. आमोसच्या हातात हेल्मेट होतं. पहिल्या घावात ओंकार पडला. पुढचे घाव पडलेल्या पोराला बसले. जबडा दोन ठिकाणी मोडला, डोळा थोडक्यात वाचला.

त्याला दवाखान्यात नेल्याचं कळल्यावर आमोस घरी आला. पावणेसात वाजले होते. तो हातपाय न धुता चटईवर येऊन बसला. त्या वेळेला दुसरं काही करायचं त्याला सुचलंच नाही. सात वाजले. तुम्ही शास्त्र उघडलंत आणि त्याची बाही पाहिलीत.

"कुणाचं रगत हाय हे?"

त्यानं सांगितलं. सगळं. एक शब्दही गाळला नाही.

तुम्ही उठलात. हात वर गेला. आमोस पण उठला. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की तो तुमच्यापेक्षा उंच झालाय. त्यानं तुमचं मनगट हवेतच धरलं.

"मारा की पप्पा. किती मारायचं, हे विचारायला तुमच्याकडंच आलतो. खाली पडल्यावर पण मारायचं असतंय, हे मला कुणी शिकवलंय?"

ग्रेसी भिंतीला चिकटून उभी होती. तुमच्या तोंडावरचा रंग उडाला. तुम्ही मनगट सोडवून घ्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. खाली बसलात आणि शास्त्र मिटलंत. त्या दिवशी आपल्या घरात प्रार्थना झाली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चची घंटा झाली तेव्हा तुम्ही बूट घालत होता. आमोसला म्हणालात, "चल. आधी त्याच्या घरी, मग पोलिसांत." मी चप्पल घातली. तुम्ही मला नको म्हणाला नाहीत.

ओंकारचे वडील, सर्जेराव आण्णा, गोठ्यात म्हशींपुढं वैरण टाकत होते. पोराला दवाखान्यात आईजवळ सोडून दूध काढायला घरी आले होते. डोळे तांबडेलाल. तुम्ही नाव सांगितलंत, पोराकडं हात केलात, "ह्यानंच मारलं" म्हणालात. त्यांनी गव्हाणीला टेकवलेली काठी उचलली. ती आमोसच्या डोक्यावर यायची, तुम्ही मध्ये गेलात.

पहिली काठी खांद्यावर. दुसरी डाव्या कानावर. कानातनं रक्ताची धार शर्टात गेली. तुम्ही शेणात पडलात, उठून गुडघ्यावर बसलात आणि हात पाठीमागं बांधलेत. तो गडी पैलवानी अंगाचा. मारता मारता रडत होता, "माझ्या लेकराला पाणी गिळता येत न्हाय रं! पाणी!" तिसरी, चौथी, पाचवी. मी मोजत होते. का मोजत होते, मला ठाऊक नाही.

"मारा आण्णा," तुम्ही म्हणालात. "पोराला नको, मला मारा. हात त्याचा हाय, शिकवण माझी हाय."

म्हशी दावणीला हिसडे देत होत्या. तेवढ्यात आमोसनं कुडात खोचलेला विळा उपसला. मी त्याचा चेहरा पाहिला. तो माझा मुलगा नव्हता, तुम्हीच होता, तरणे. तो सर्जेरावांच्या मागं पोचला होता. मी ओरडले, आवाज फुटला नाही. तुमचा फुटला.

"आमोस! खाली टाक! मी तुला मारलं ते चुकलं माझं. ऐकतोस का? देवाचं नाव घेऊन मारलं, ते पाप केलं मी. ते देवाचं नव्हतं, माझं होतं. मला माफ कर, पण त्यो विळा खाली टाक!"

गोठ्यात सगळं थांबलं. सर्जेरावांची काठी तशीच वर. त्यांनी मागं वळून विळा पाहिला, मग तुमच्याकडं पाहिलं. आमोसच्या हातातून विळा वैरणीवर पडला, आणि माझा अठरा वर्षांचा घोडा, शेणात बसून लहान पोरासारखा भोकाड पसरून रडला. सर्जेरावांची म्हातारी आई आतून तांब्या घेऊन आली. लेकाला म्हणाली, "बास कर. मरंल त्यो. पावणं हाईत, त्यांच्या दारात आपण गेलो न्हाय, ते आल्यात." तिनं तुमच्या कानावर पाणी ओतलं.

पोलीस ठाण्यात आमोसनं स्वतः जबाब दिला. खटला चालला, शेवटी दोन्ही घरांच्या संमतीनं मिटला. ते मिटायच्या कितीतरी आधी आमोस ओंकारला गाडीवर बसवून दाताच्या दवाखान्यात नेत होता. तारांनी बांधलेल्या जबड्यातून त्याला नळीनं खिमट जायचं, ते तुम्ही गाळून न्यायचात. दफनाच्या दिवशी तुम्हाला खांदा द्यायला ओंकार होता. डाव्या बाजूला. त्याचा जबडा अजूनही बोलताना किंचित वाकडा होतो.

पुढची नऊ वर्षं तुम्ही सौम्य होता. सात वाजता शास्त्र उघडायचात आणि म्हणायचात, "ज्याला बसायचं हाय त्यानं बसा." आमोस चार वर्षं बसला नाही. बाहेर पायरीवर गाडी पुसत राहायचा. तुम्ही एका शब्दानं बोलावलं नाहीत. मीच चिडायचे, "एवढं कसलं सोडून देणं? हाक तरी मारा!" तुम्ही उजवा कान पुढं करून ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "हाक मारली की त्याला पट्ट्याचाच आवाज येतोय. येऊ दे त्याचा तो." एके दिवशी तो आला, चटईवर नाही, उंबऱ्यावर. अजूनही उंबऱ्यावरच बसतो. त्याचा विश्वास किती आणि तुमच्यावरची माया किती, मला सांगता येणार नाही.

तुमचं ते गोठ्यातलं बोलणं मी किती वेळा मनात ऐकलं असेल! अभिमानानं ऐकलं. शपथेवर सांगते, त्या दिवशी मी तुमच्यावर जेवढं प्रेम केलं तेवढं लग्नातही केलं नव्हतं. आणि घरी आल्यावर तुमच्या पाठीला हळद लावताना वाटलं, आता माझी पाळी. आता हा माणूस माझ्याकडं वळेल आणि माझ्या मनगटाबद्दल बोलेल. तुम्ही म्हणालात, "जरा डावीकडं लाव." बस्स, तेवढंच.

सर्जेरावांची माफी मागितली. पोराची मागितली, परक्याच्या गोठ्यात. माझी नाही. गेल्या गुरुवारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन दारात आलात, खुर्चीत बसलात, पाणी मागितलंत. मी तांब्या भरून आणेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मी पाणी घेऊन उभी, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? देव मला क्षमा करो. 'आता हे कधीच म्हणणार नाहीत.'

हे सगळं तुम्हाला ऐकवायचं होतं, म्हणून आज दुपारी वही काढली. एवढं लिहून झालं आणि ग्रेसी बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत आली. पुण्याची चारची गाडी होती. नोकरी लागल्यापासून ती चर्चची पायरी चढलेली नाही. तुमच्या दफनविधीला आली, पण गायली नाही.

मी म्हटलं, "ग्रेसी, जायच्या आधी प्रार्थना करूया का?"

ती बूट घालत होती, थांबली. "आई, पप्पांनी दादाची माफी मागितली. सर्जेराव आण्णांच्या घरी अजून ते सांगतात. मला कुणी मारलंच नाही, म्हणून माझी कुणी मागितली नाही. मी भिंतीकडं तोंड करून ऐकलं सगळं. आणि तुला माहीत आहे, मला दोन आवाज यायचे. एक पट्ट्याचा. दुसरा तुझ्या भाकरीचा. थप, थप, थप. आजही कुणी भाकरी थापायला लागलं की मला उलटी येते."

मी तुमच्यावर रागावून बसले होते. तुमच्या चुका लिहीत होते. आणि माझी पोरगी वीस वर्षं माझ्या दाराशी उभी होती, जशी मी तुमच्या.

मला वाटलं, आपणही डबा उचलावा. चहा टाकते म्हणावं. पाय आत वळलाही होता. पण मी म्हणाले, "ग्रेसी, माझं चुकलं. मी मध्ये यायला पाहिजे होतं. पहिल्याच दिवशी यायला पाहिजे होतं. मी भ्याले, आणि तुम्हाला मारात सोडलं. मला माफ कर."

तिनं टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलून भिंतीवर फेकला. मग पेला. मग बॅग. "आत्ता?" ती किंचाळली. "आत्ता सांगतेस? तो मेल्यावर?" शेजारचे दारात आले, आमोसनं त्यांना परत पाठवलं. तिनं माझे दंड धरून मला गदागदा हलवलं. मी हात वर केले नाहीत. ती बोलत सुटली. मला आठवत नसलेल्या संध्याकाळी तिला आठवत होत्या, वारासकट, वचनासकट. चार वाजले, गाडी गेली, ती बोलतच होती. मग दमून फरशीवर बसली.

"मी माफ केलं असं म्हणणार नाही आता," ती म्हणाली. "तुला ते ऐकायचं असेल तर मी जाते."

"नको म्हणू," मी म्हटलं.

ऐकताय का? ते वाक्य फार लहान असतं हो. एका श्वासात होतं. म्हणून झाल्यावर काही सुटत नाही, उलट सगळं अंगावर येतं, हे मला आज कळलं. तुम्ही का भ्यालात तेही कळलं. कळलं म्हणून तुम्हाला सोडलं असं नाही. तुमच्या वाट्याचं जे ती बोलली ते मी तुमच्या वतीनं ऐकून घेतलेलं नाही. ते तुमचं तुम्ही जिथं आहात तिथं देवासमोर बघा.

तिनं उद्याचं तिकीट काढलंय. आता आत तोंड धुतेय. आमोस उंबऱ्यावर बसलाय. सात वाजून गेले, आणि आम्हा तिघांपैकी कुणीही कुणाला बसायला सांगितलेलं नाही. ही बघा, ती बाहेर येऊन म्हणाली, "आई, माझं अजून संपलेलं नाही."

मी वही मिटतेय. तिला म्हटलं, "बोल."